तिळाची रांगोळी

वैजयंती सुतार रोज सकाळी प्रयोगशाळेत आली की पहिलं काम काय करायची, तर आपल्या गेलेल्या मुलीचं रक्त यंत्रात घालायची. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येईल, पण तिथे काम करणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. दुकानदार सकाळी तराजूत खात्रीचं माप टाकून बघतो आणि मगच गिऱ्हाइकाचा माल तोलतो, त्यातलाच हा प्रकार. यंत्र ताळ्यावर आहे की नाही हे कळायला, ज्याचा निकाल आधीच ठाऊक आहे असं रक्त लागतं. कोल्हापुरातल्या त्या खासगी प्रयोगशाळेत तिळाच्या ॲलर्जीसाठी असं रक्त होतं ते केतकीचं. तिने ते जिवंतपणी, थट्टा करत, स्वतः दंड पुढे करून दिलेलं होतं.

तेव्हा यंत्र नवं होतं आणि केतकी कॉलेजात होती. पुढे सांगली रस्त्यावर तिच्या स्कूटरला टेम्पोने उडवलं. मेंदू गेला, बाकीचं शरीर यंत्रांच्या आधाराने थोडा वेळ चालू राहिलं, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर वैजयंतीने अवयवदानाला होकार दिला. नवरा केतकी लहान असतानाच वारला होता, त्यामुळे सल्ला घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. त्यानंतर घरात वैजयंती एकटी उरली आणि प्रयोगशाळेच्या शीतकपाटात केतकीच्या रक्ताच्या बारीक बारीक कुप्या उरल्या. सहकारी म्हणायचे, मॅडम, हे आम्ही करतो, तुम्ही कशाला रोज. ती म्हणायची, राहू दे, माझा हात बसलाय.

आता त्या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. ॲलर्जी ही शरीराची एक वाईट खोड आहे. एखाद्या निरुपद्रवी पदार्थातलं प्रथिन शरीराला शत्रू वाटतं. मग शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि ती पहारेकरी पेशींवर जाऊन बसतात. पुन्हा तो पदार्थ पोटात गेला की हे पहारेकरी अशी बोंब ठोकतात की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो, कधीकधी माणूसच जातो. पूर्वी हे शोधायचं तर हातावर टोचून बघा, नाहीतर तो पदार्थ थोडा थोडा खायला घालून रुग्णाकडे डोळ्यांत तेल घालून बघत बसा, एवढेच उपाय होते. टोचलेलं लाल झालं म्हणून खाल्ल्यावर त्रास होईलच असं नसे, आणि खायला घालताना रुग्णापेक्षा डॉक्टरचीच छाती जास्त धडधडायची.

नव्या यंत्रात एका काचपट्टीवर तीळ, शेंगदाणा, दूध, कोळंबी अशा शेकडो पदार्थांच्या प्रथिनांचे तुकडे ठिपक्याठिपक्यांनी मांडलेले असत. रुग्णाचं रक्त त्यावरून फिरवलं की त्यातली प्रतिपिंडं आपापला तुकडा ओळखून त्याला चिकटत आणि तेवढे ठिपके उजळत. मग तेच रक्त प्रयोगशाळेत वाढवलेल्या पहारेकरी पेशींवर घालायचं आणि त्या किती जोरात फुटतात ते मोजायचं. म्हणजे जो काही झटका यायचा तो बशीतल्या पेशींना येई, माणूस बाहेर चहा पीत बसलेला असे.

उजळलेल्या ठिपक्यांच्या त्या चित्राला कंपनीने लांबलचक नाव दिलं होतं. कोल्हापुरात सगळे त्याला रांगोळी म्हणत. दोघांना तिळाचीच ॲलर्जी असली, अगदी सख्खी भावंडं असली, तरी त्यांच्या रांगोळ्या निराळ्या, कारण एकाचं शरीर त्या प्रथिनाला एका बाजूने पकडतं आणि दुसऱ्याचं दुसऱ्या बाजूने. लोकांनी मग ही रांगोळी डोक्यावर घेतली. मंगल कार्यालयाच्या दारात वाढपी आधी रांगोळी दाखवायला सांगू लागले आणि लग्नाच्या स्थळांच्या माहितीत ती रास-नक्षत्राच्या खाली जाऊन बसली. कागलच्या एका मुलीकडच्यांनी मुलाला शेंगदाणा चालत नाही म्हणून स्थळ मोडलं आणि दारू पिणाऱ्या दुसऱ्या मुलाला होकार दिला, कारण त्याची रांगोळी कोरी होती.

केतकीची रांगोळी वैजयंतीला पाठ होती. वर ठिपक्यांचा दाट झुबका, त्याच्याखाली तिरकी ओळ, आणि कडेला एकटाच एक ठिपका. तो ठिपका तिने दुसऱ्या कुणाच्याही रांगोळीत पाहिला नव्हता. रोज सकाळी पडद्यावर ते चित्र उमटलं की ती म्हणायची, "बरंय. ठीक आहे सगळं." हे ती यंत्राला म्हणते असं सगळे समजत आणि तीही कुणाचा गैरसमज दूर करत नसे.

गेल्या दिवाळीच्या सुमारास शेवटची कुपी संपली. कंपनीकडून बाजारात मिळणारं प्रमाणित रक्त आलं. तेही तिळाचंच, पण त्याची रांगोळी कुणा परक्याची होती. तेव्हापासून सकाळचं ते काम वैजयंतीने दुसऱ्यांवर सोपवलं आणि ती जरा उशिराने कामावर येऊ लागली.

फाल्गुनात एका दुपारी हुपरीच्या तानाजी वाईंगडे नावाच्या रुग्णाचं रक्त यंत्रात होतं. रांगोळी उमटली आणि वैजयंतीचा हात होता तिथेच थांबला. वर दाट झुबका. तिरकी ओळ. कडेला एकटा ठिपका.

तिला वाटलं, जुनी काचपट्टी चुकून मध्ये आली. तिने नवी पट्टी घेतली, पुन्हा रक्त फिरवलं. पुन्हा तेच. मग तिने संगणकात साठवलेली केतकीची रांगोळी काढून या रांगोळीवर ठेवली. एकही ठिपका इकडचा तिकडे झाला नाही. ती खुर्चीत बसली आणि तिला हुंदका आवरेना. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना तिने सर्दीचं कारण सांगितलं.

हे कसं झालं असेल याचा उलगडा व्हायला तिला फार वेळ लागला नाही. रुग्णाच्या माहितीत लिहिलं होतं की तीन वर्षांपूर्वी त्याच्यावर यकृताचं प्रत्यारोपण झालं. साल आणि महिना केतकीच्या अपघाताचाच होता. यकृत एका शरीरातून दुसऱ्यात जातं तेव्हा ते एकटं जात नाही, त्याच्यात दात्याच्या पांढऱ्या पेशीही जातात. बहुतेक मरतात, पण काही नव्या शरीरात मुक्काम ठोकतात आणि आपल्या आठवणी घेऊन जगतात. दात्याला ज्या पदार्थाची ॲलर्जी, त्याचीच यकृत मिळालेल्यालाही होते, असे प्रकार डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होते. केतकीचं काय कुणाला दिलं हे नियमाप्रमाणे वैजयंतीला कधीच सांगितलं गेलं नव्हतं. आता ते कुणी सांगायची गरज राहिली नाही.

तिला संक्रांतीची एक सकाळ आठवली. केतकी जेमतेम बोलायला लागलेली, परकर-पोलकं घातलेली, आणि वैजयंतीने कौतुकाने तिच्या तोंडात तिळाच्या वडीचा तुकडा घातलेला. ओठ टम्म सुजले तेव्हा वैजयंती तिला कडेवर घेऊन अनवाणीच दवाखान्याकडे धावत सुटली होती. ती सकाळ आता जगात दोनच ठिकाणी शिल्लक होती, एक वैजयंतीच्या डोक्यात आणि दुसरी हुपरीच्या या माणसाच्या रक्तात. यकृताचं तिला तितकंसं वाटलं नाही, ते मांस होतं. या पेशींना मात्र ती सकाळ आठवत होती.

ती बाहेर गेली. वाईंगडे पन्नाशीचा, सडपातळ, चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडणारा कारागीर होता. बायको शोभा शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. नव्या यकृताने जीव वाचला, पण काही महिन्यांत खाण्याने त्याचे हाल सुरू झाले. आधी त्याला शेंगदाणा सोडायला सांगितलं, मग मिरची, मग मटण. त्रास काही थांबला नाही, कारण कोल्हापूरकडच्या स्वयंपाकात चटणीशिवाय काही होत नाही आणि कांदा-लसूण चटणीत तीळ असतातच. शेवटी तो भाकरी आणि मीठ घातलेलं उकडलेलं वरण खाऊ लागला. चटणीची फोडणी बसली की उडालेल्या वाफेनेही खोकला येतो म्हणून त्याचं ताट मागच्या खोलीत जाऊ लागलं.

"जेवाण म्हंजे आता औषध घेतल्यागत झालंय मॅडम," तो म्हणाला. "पोरं पुढच्या सोप्यात हसत जेवत्यात, मी आत भिताडाकडं बघत."

वैजयंतीला हे जेवण चांगलं माहीत होतं. तिचंही तीन वर्षं तसंच चाललं होतं. फक्त तिच्या घरात पुढच्या सोप्यात कुणी हसत नव्हतं.

वाईंगडेचे डॉक्टर मुजावर संध्याकाळी स्वतः आले. स्वभावाने सरळ, कामाला वाघ असा माणूस. त्यांचा प्रश्न एकच होता. ही ॲलर्जी नवी की जुनी? शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून जी औषधं चालू असतात, त्यांनीही अशी खोड कधीकधी लागते. तसं असेल तर औषध बदलून वाट बघायची. पण ती दात्याकडून आलेली, मुरलेली असेल तर आपोआप जाणार नाही, तिची खुडणी करावी लागेल. खुडणी हा याच यंत्रातून निघालेला उपचार होता. रांगोळीवरून नेमकं कळतं की प्रतिपिंडं कुठल्या तुकड्याला धरतात. तोच तुकडा विषाला बांधून रक्तात सोडायचा. ज्या पेशींना त्या तुकड्याची आठवण आहे त्याच त्याला धरतात आणि मरतात, बाकीच्यांना धक्का लागत नाही. प्रत्यारोपण झालेल्या माणसावर हा उपचार उगाच करत नाहीत, म्हणून मुजावरांना वैजयंतीचं मत हवं होतं, आणि तिच्या मताबाहेर ते जाणार नव्हते.

जुनी आहे, एवढं म्हणायचं होतं. वैजयंती म्हणाली, "आत्ताच सांगता येणार नाही. दर महिन्याला रक्त बघू या."

मुजावरांनी मान डोलावली. वीस वर्षांत तिने त्यांना एकदाही चुकीचं सांगितलं नव्हतं.

मग वाईंगडे दर महिन्याला येऊ लागला. तो येणार त्या दिवशी वैजयंती इस्त्रीची साडी नेसायची, वेळेआधी यायची. रक्त ती स्वतः काढायची, पट्टी स्वतः लावायची, आणि दार लोटून घेऊन त्या रांगोळीसमोर बसून राहायची. हे बरोबर नाही हे तिला कळत होतं. दर वेळी ती ठरवायची की पुढच्या महिन्यात सांगून टाकायचं, आणि पुढच्या महिन्यात कडेचा तो एकटा ठिपका उजळला की तिचा निश्चय ढेपाळायचा. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला कुणाची तरी वाट बघायला मिळत होती.

मन खात होतं म्हणून असेल, तिने शोभाला बिनतिळाची चटणी शिकवली. तिळाऐवजी सुकं खोबरं थोडं जास्त, धने जरा जास्त भाजलेले, आणि दाटपणासाठी भाजलेली डाळ. शोभाला नवल वाटलं. "तुमच्यात बी कुणाला हाय व्हय असलं?" तिने विचारलं. "होतं," वैजयंती म्हणाली, आणि लसूण किती घ्यायचा ते सांगू लागली.

शोभाने उन्हाळ्यात त्या मापाने वर्षाची चटणी केली. घरात पुन्हा एकच भाजी शिजणार म्हणून मुलं खूश झाली, आणि पहिल्याच दिवशी वाईंगडेचं ताट पुढच्या सोप्यात आलं. चार घास खाऊन तो आडवा झाला. घसा बंद, ओठ निळे. थोरल्या मुलाने अशा वेळेसाठी घरात ठेवलेलं इंजेक्शन मांडीत खुपसलं म्हणून तो कोल्हापुरापर्यंत तरी पोचला आणि अतिदक्षता विभागात त्याच्या नाकातोंडात नळ्या गेल्या.

चटणीत तीळ नव्हतेच, मग हे कसं, म्हणून शोभा रडत होती. वैजयंती दवाखान्यात पोचली तेव्हा तिने एकच विचारलं, चटणी कुटली कुठे? शोभा म्हणाली, कुठं म्हंजे, डंकावर की. मसाला कांडायची गावातली गिरणी, जिथे सगळ्यांच्याच चटण्या एकामागून एक कुटल्या जातात आणि आधीच्या घरचे तीळ उखळात तसेच राहतात. कोल्हापूरकडची बाई चटणी डंकावरच नेणार, तिला ते सांगावंही लागत नाही. वैजयंती मात्र केतकीच्या लहानपणापासून घरातल्या मिक्सरवर थोडी थोडी चटणी करत आली होती. त्यामुळे डंक म्हणून काही असतो हेच तिच्या ध्यानातून गेलं होतं. लसणाच्या पाकळ्यांपर्यंत सगळं सांगितलं आणि हेच राहिलं.

ती काचेपलीकडे झोपलेल्या वाईंगडेकडे बघत राहिली. चटणी ही चूक होती, एक वेळ ती माफ होईल. पण तिने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर या माणसाला बिनतिळाच्या चटणीची गरजच पडली नसती. आपल्या मुलीने ज्याला वाचवलं त्याला आपण मारायला निघालो होतो, हे तिने स्वतःशी स्पष्ट शब्दांत म्हटलं आणि तिला तिथे उभं राहवेना.

मुजावर बाहेर बाकावर बसले होते. ती त्यांच्या शेजारी बसली.

"ॲलर्जी जुनी आहे डॉक्टर. दात्याची आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून? कशावरून?"

"ती रांगोळी मी रोज सकाळी बघत होते."

मुजावर तिच्याकडे बघतच राहिले. प्रयोगशाळेत मापाचं रक्त कुणाचं होतं हे त्यांना ठाऊक होतं. रागावले असावेत, पण राग दाखवला नाही. मग त्यांनी नियमाची आठवण करून दिली. दाता कोण हे रुग्णाला कळता कामा नये. शिवाय खुडणीचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला द्यायचं सुचवलं, तिने त्यात पडू नये म्हणून. वैजयंती म्हणाली, नाही, ते मीच करेन. एवढं तरी मला करू द्या.

वाईंगडे सावरला. पलंगावर उठून बसू लागल्यावर मुजावरांनी त्याला सगळं नीट समजावलं. ही ॲलर्जी त्याची नाही, ज्या माणसाचं यकृत मिळालं त्याची आहे, त्या पेशी मारल्या की तो बरा होईल. मुजावरांना वाटलं, गडी आनंदाने उडी मारेल. पण वाईंगडे नको म्हणाला. मुजावरांनी वैजयंतीला बोलावून घेतलं.

"मॅडम, लिव्हर आत हाय म्हनत्यात," वाईंगडे म्हणाला, "पर मला काय ते दिसत न्हाई, की हातास्नी लागत न्हाई. आता कळलं की त्या माणसाला बी तीळ सोसत न्हवतं. म्हंजे त्येच्या घरात बी कुनीतरी येगळी चटणी करत आसंल. एवढीच त्येची वळख माझ्याजवळ हाय. जीव दिला त्यानं मला, आन् मी त्येची तेवढी वळख मारून टाकू? माझ्या जेवणासाठी? मला न्हाई पटत."

शोभा खिडकीशी उभी होती. तिने पदराने डोळे टिपले.

वैजयंतीला आता काहीच करावं लागणार नव्हतं. नको म्हणणारा रुग्णच होता आणि त्याच्या इच्छेपुढे कायदाही हात टेकतो. गप्प राहिलं की झालं. तो दर महिन्याला येईल, रांगोळी उजळेल, आणि या वेळी त्यात तिचं खोटं काही नसेल. मोह इतका मोठा होता की तिने खुर्चीची कड घट्ट धरली. मग तिची नजर शोभाकडे गेली. वाईंगडेच्या हातावर सलाइनच्या सुयांनी काळेनिळे डाग पडले होते.

"वाईंगडे, मी अशी घरं बघितलीत," ती म्हणाली. "ज्या घरात लेकराला असं काही असतं, त्या घरातल्या आईला एकच हौस असते. आपल्या लेकरानं चारचौघांत बसावं, ह्यात काय घातलंय ते कुणाला विचारू नये, आणि पुढ्यात येईल ते पोटभर खावं. बाकी काही नको असतं तिला. त्या घरात ती हौस पुरी झाली नसणार. आता ती तुमच्याकडूनच व्हायची आहे."

"तुमास्नी खात्री हाय?"

"आहे."

वाईंगडेने मान डोलावली. वैजयंती बाहेर आली आणि तिथल्या नळावर तोंड धुऊन प्रयोगशाळेत गेली.

खुडणीसाठी तुकडे निवडायचं काम तिने एकटीने केलं. केतकीच्या रांगोळीतला एकेक ठिपका घ्यायचा, त्यातलं प्रथिन नोंदवायचं, आणि त्याचं आमिष तयार करायला द्यायचं. कडेच्या एकट्या ठिपक्यापाशी ती अडली. तो नुसता राखून ठेवला असता तर कुणाच्या लक्षात आलं नसतं, आणि एवढ्याशा पेशींनी वाईंगडेला कदाचित काही झालंही नसतं. कदाचित. तिने तोही नोंदवला.

औषधाच्या बाटल्या चढल्या. जुनी प्रतिपिंडं रक्तातून ओसरायला काही महिने गेले. दर वेळी रांगोळी फिकट होत गेली, आणि श्रावणाच्या शेवटी तिळाची सगळी जागा काळी दिसली. वैजयंतीने पट्टी बदलून पुन्हा पाहिलं, मग अहवालात लिहिलं, प्रतिक्रिया नाही. पेशीही फुटल्या नाहीत.

यंत्राने कितीही ग्वाही दिली तरी एक जुना नियम अजून पाळतात. शेवटी माणसाला दवाखान्यात बसवून तो पदार्थ खायला घालायचा आणि बघायचं. त्या दिवशी शोभा घरून पांढरा रस्सा, भाकरी आणि डंकावर कुटलेली रीतसर चटणी घेऊन आली होती. तपासणीच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र अंथरून तिने ताट वाढलं. मुजावर इंजेक्शन तयार ठेवून शेजारच्या खोलीत बसले. रुग्णासमोर बसून लक्ष ठेवायचं काम वैजयंतीकडे होतं.

वाईंगडेने पहिला घास घेतला. थोडं थांबायचं, मग दुसरा घास, थांबायचं, मग तिसरा. वैजयंती त्याचे ओठ बघत होती, गळा बघत होती, मनगटं बघत होती. आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं की ती भीतीने बघत नाहीये. ती वाट बघतेय. एखादी गांध उठावी, एवढीशी, त्याला अपाय न होईल अशी. ओठाचा कोपरा जरा फुगावा. कुठल्या तरी कोपऱ्यात एखादी पेशी चुकून राहिली असावी आणि तिला ती सकाळ आठवावी. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, पण नजर हटेना. मध्येच त्याच्या मनगटावर लाल पट्टा दिसला आणि तिच्या काळजात धस्स झालं, त्यात भीतीपेक्षा आनंदच अधिक होता. तिने वाकून पाहिलं. घड्याळाचा पट्टा आवळून वळ उठला होता.

काही झालं नाही. वाईंगडेने ताट पुसून घेतलं, वाटी तोंडाला लावून उरलेला रस्सा प्यायला, आणि कपाळावरचा घाम पुसत लहान मुलासारखा हसला. शोभा रडत होती आणि हसतही होती. मुजावरांनी येऊन त्याची पाठ थोपटली.

निघताना वाईंगडे दारातून परत आत आला.

"मॅडम, नाव सांगू नका मला, मी इचारत न्हाई. पर तुमची वळख आसंल वरपातूर. ज्यांनी दिलं त्येंच्या घरी एवढा निरोप पोचवता का? म्हनावं, गडी आज जेवला."

"पोचवते," वैजयंती म्हणाली.

ती खिडकीतून बघत राहिली. दोघं रस्ता ओलांडून हुपरीच्या गाडीकडे गेले, शोभाच्या हातात रिकामा डबा होता. नंतर वैजयंतीने वर्तमानपत्र गोळा करून टाकलं, प्रयोगशाळेत जाऊन यंत्र बंद केलं, आणि वाटेत कुठेही न थांबता घरी आली. कुलूप काढलं, चपला काढल्या, दिवा लावला. निरोप ज्या घरी द्यायचा ते घर हेच होतं, आणि तो घ्यायला घरात कुणी नव्हतं. पण शब्द दिला होता. ती केतकीच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि आत कुणी झोपलं असेल तर त्याला ऐकू जावं एवढ्या मोठ्याने म्हणाली, "केतकी, जेवला गं तो. पोटभर जेवला."